कॅन्सरनंतरचं दुखणं, मैत्री आणि थट्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा उजवा हात नऊ वर्षांपासून सुजलेला आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या ग्रंथी काढल्या, तेव्हापासूनची ही सूज. कमी-जास्त होते, जात नाही. या नऊ वर्षांत सोलापुरात माझ्यासारखी दहा-बारा माणसं जोडली गेली. महिन्यातून एकदा आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसतो, उन्हाळ्यात कुणाच्या तरी गच्चीवर. बसलो की खूप हसतो. ते बघून किंवा ऐकून लोक मला दवाखान्याच्या रांगेत, फोनवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा प्रश्न विचारतात. नेहमी येणारे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

१. कॅन्सर बरा झाला म्हणता, मग अजून आजारी कशा?

गाठ गेली, उपचार संपले, पण उपचारांनी शरीरात जे बदल केले ते राहिले. तोंडाचं ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) झालेल्यांचा जबडा आखडतो, लाळ आटते. मानेला शेक घेतलेल्यांची थायरॉईड पुढं कधीतरी मंदावू शकते आणि मग सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू होते. काही किमोंमुळे हातापायांच्या नसा बधिर होतात. आमच्यातल्या एका काकांची चप्पल पायातून निसटते आणि ते तसेच दहा पावलं पुढं जातात, कारण पायाला कळतच नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर अनेकींना हार्मोनच्या गोळ्या पाच ते दहा वर्षं घ्याव्या लागतात. त्यानं अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात. सीएमएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर बहुतेकांना रोजची गोळी हाच उपचार, आणि ती घेत माणूस वर्षानुवर्षं नोकरी-संसार करतो. शिवाय झोपूनही न जाणारा थकवा. तपासणीची तारीख जवळ आली की पोटात येणारा गोळा वेगळाच.

डोक्यावर केस आले की लोकांच्या लेखी विषय संपतो. आमचा तिथून पुढं सुरू होतो.

२. घरचे इतकं करतात. मग वेगळे मित्र कशाला हवेत?

मुलगी विचारते, ‘आई, हात दुखतोय का?’ मी म्हणते, ‘नाही गं.’ कारण हो म्हटलं की तिचा चेहरा उतरतो आणि तिला सावरायचं काम माझ्याकडे येतं. तेच मी आमच्यातल्या विडी वळणाऱ्या अक्कांना म्हटलं, ‘आज लई दुखतोय,’ की त्या म्हणतात, ‘माझाबी,’ आणि मांडीवरच्या सुपातलं पुढचं पान कातरायला घेतात. त्यांचा डावा हात माझ्या उजव्यासारखाच आहे. त्या एका शब्दानं मला जितकं हलकं वाटतं, तितकं दुसऱ्या कशानं वाटत नाही.

घरच्यांचं प्रेम कमी म्हणून मित्र हवेत असं अजिबात नाही. ज्यांना सांगितल्यावर उलट आपल्यालाच त्यांची काळजी करावी लागत नाही, अशी दोन-चार माणसं हवीत. ही गरज जुनी आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीझ लासर या बाईंनी स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यांत जाऊन तशाच ऑपरेशनच्या बायकांना भेटायला सुरुवात केली. काही डॉक्टरांना ते रुचलं नव्हतं. पण ज्या बाईनं ते भोगलंय तिनं येऊन खाटेशेजारी बसणं वेगळं असतं, हे पुढं अनेक देशांत मान्य झालं.

३. सोलापुरात अशी माणसं भेटायची कुठं?

तुम्ही रोज त्यांच्या शेजारी बसता. सिव्हिलच्या बाकावर, फिजिओथेरपीच्या खोलीत, रक्त तपासायच्या रांगेत. जिल्ह्यातल्या खेड्यांत असाल तर ‘बार्शीला कोण जाऊन आलंय?’ एवढं विचारा. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची रीतसर नोंद ठेवणारी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. त्यामुळे आपल्या भागात वाडीवस्तीवरही कुणीतरी निघतंच.

आणखी एक ठिकाण म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेली माणसं डब्यात लगेच ओळखू येतात. बॅग वर टाकलेली असते, पण प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल उशीखाली. माझी आणि अक्कांची ओळख तिथलीच. दोघींनी एकाच वेळी उशी उचलून फाईल आहे ना ते पाहिलं.

हेही सांगून ठेवते. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. सोबती घरचाच पाहिजे असं नाही. मुलाला रजा मिळत नसेल तर मैत्रिणीला न्या. आम्ही आळीपाळीनं जातो.

४. ओळख झाली. आता पहिल्यांदा बोलायचं काय?

‘किती वाजल्यापासून बसलाय?’ इथून सुरू करा. कुठला कॅन्सर, कितवी स्टेज, डॉक्टर काय म्हणाले, हे पहिल्या भेटीत विचारू नका. सांगायचं असेल तर समोरचा स्वतः सांगतो, आणि बहुतेक वेळा सांगतोच. नंबर घेतलात तर त्याच आठवड्यात फोन करा. नाहीतर तो नंबर तसाच पडून राहतो.

मोबाईलवर फिरणारे रामबाण उपाय मात्र पाठवू नका. कुठला काढा, कुठल्या बिया, कुठलं पाणी. आमच्यात हा कडक नियम आहे.

५. कॅन्सरवर हसणं बरं दिसतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्यातल्या एका दादांचं तोंड दीड बोट उघडतं. साधारणपणे आपल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात, यांची दीड. तपासणीला गेले की नवीन डॉक्टर म्हणतात, ‘मोठा आ करा.’ दादा म्हणतात, ‘डॉक्टर, मोठाच केलाय.’ हे त्यांनी आम्हाला तलावाच्या काठी साभिनय करून दाखवलं आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसू ओसरल्यावर तेच म्हणाले, ‘पोरीच्या साखरपुड्याला सगळ्यांसमोर पेढा भरवला. आत जाईना. मी हसल्यासारखं करून हातात घेतला.’ हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. पहिल्या हसण्यानं दार उघडलं म्हणून दुसरी गोष्ट बाहेर आली.

आमच्यात थट्टा ही खरं बोलायची वाट आहे. रडत सांगितलं तर ऐकणारा घाबरतो. कोरडं सांगितलं तर दवाखान्यातली केस ऐकल्यासारखं वाटतं. हसत सांगितलं की सांगणारा माणूसच राहतो आणि ऐकणाराही जवळच बसून राहतो.

बरं दिसतं की नाही हे कोण हसतंय यावर आहे. ज्याचं दुखणं त्याचा पहिला शब्द, एवढं पाळलं की पुरतं. दादांनी तोंडाचा विषय काढला तर आम्ही त्यात भर घालू. त्यांनी काढला नाही तर त्या दिवशी तो विषय नाही. काल चाललेली थट्टा आज चालेलच असंही नाही, दर वेळी पहिला शब्द त्यांचाच.

६. हसण्यानं कॅन्सर बरा होतो, प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात. खरं आहे का?

हसण्यानं कॅन्सर बरा होत नाही. असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबून गोळ्या आणि तपासण्या चुकवू नका.

जे माहीत आहे ते असं. १९८९ मध्ये डेव्हिड स्पिगेल या अमेरिकी डॉक्टरांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला गटात बसून मोकळं बोलणाऱ्या बायका जास्त काळ जगल्या, असं त्यात दिसलं. जगभर आशा पसरली. मग २००१ मध्ये कॅनडातल्या पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ बायकांवर तसाच, जास्त मोठा अभ्यास केला. आयुष्य वाढलं नाही. पण गटातल्या बायकांचं मन जास्त थाऱ्यावर राहिलं आणि दुखणं कमी जाणवलं, विशेषतः सुरुवातीला ज्या जास्त त्रासात होत्या त्यांना. मला हा दुसरा निष्कर्ष कमी वाटत नाही. दुखण्याची रात्र थोडी सुसह्य झाली तर मला ती हवी आहे.

निव्वळ हसण्याबद्दल म्हणाल तर ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या, आणि आधी व नंतर हातावर बर्फासारखी गार पट्टी किंवा रक्तदाबाचा आवळणारा पट्टा किती वेळ सहन होतो ते मोजलं. पोट धरून हसल्यावर वेदना जास्त सोसता आली. एकट्यानं बघताना माणूस तितकं हसतच नाही, गटात हसतो.

डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तसे क्लब आता गावोगाव आहेत. चांगले आहेत, जरूर जा. फक्त तिथं व्यायाम म्हणून हसायचं असतं. या पानावर मी ज्याबद्दल लिहिते आहे ते हसणं ओळखीतून येतं, ठरवून येत नाही. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी प्रश्न ८ वाचावा.

७. आमच्या घरात पेशंट आहे. त्यांच्या मित्रांसारखी थट्टा आम्ही केली तर चालेल का?

तुम्ही सुरू करू नका. त्यांनी केली तर मोकळेपणानं हसा. ‘असं बोलू नये, अभद्र असतं,’ म्हणून गप्प करू नका. त्यांनी जड गोष्ट हलकी करून तुमच्या हातात दिलेली असते, ती परत करू नये.

याला एक मोठा अपवाद आहे. तुमच्यात आधीपासून चिडवाचिडवी चालत असेल तर ती आजारामुळे थांबवू नका. चादरीच्या कारखान्यात मागावर काम केलेले आमचे एक मामा आहेत. स्वरयंत्र काढलंय, मानेला श्वासाचं छिद्र आहे. ऑपरेशनच्या आधी मामा-मामींचं दिवसातून चारदा वाजायचं. ऑपरेशननंतर मामी एकदम गोड बोलायला लागल्या. चहा हातात, पाणी हातात, ‘बसा, मी देते’. मामांनी दोन महिने सोसलं. मग एका सकाळी नातवाची पाटी घेतली, मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘भांड की!’ आणि मामींसमोर धरली. मामी आधी रडल्या, मग म्हणाल्या, ‘पाटी पुसून जागेवर ठेवा, पोराचा अभ्यास राहिलाय.’ मामांच्या म्हणण्याप्रमाणे, ते बरे झाले त्या दिवशी.

८. हसताना शारीरिक त्रास होतो. काय काळजी घ्यावी?

पोटाचे टाके ओले असतील तर उशी पोटाशी घट्ट धरून हसा, खोकतानाही तेच. जबडा आखडलेल्यांना जोरात हसणं आणि जांभई दोन्ही दुखतं. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला व्यायाम, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा, तो चुकवला की जास्तच दुखतं. लाळ कमी असेल तर पाण्याची बाटली हाताशी पाहिजे, कारण हसता हसता घसा कोरडा पडून ठसका लागतो.

स्वरयंत्र काढलेल्यांचं हसणं ऐकू येत नाही, दिसतं. खांदे हलतात, डोळे मिटतात. मानेच्या छिद्रातून कफ उडतो म्हणून सुती फडकं बांधलेलं असावं. आमच्या मामांचं एक नशीब म्हणजे त्यांचे जुने सोबती. मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नाही, त्यामुळे तिथं काम केलेली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. मामांचा आवाज गेला तेव्हा घरचे, डॉक्टर, आम्ही सगळे ‘काय? काय?’ करत होतो. मागावरचे दोघं मित्र भेटायला आले, खाटेवर बसले आणि काहीच झालं नसल्यासारखं तासभर बोलत राहिले. नर्स बघत उभी राहिली.

हातानं केलेली थट्टा मात्र पूर्ण बंद. ती कुणी, कितीही प्रेमानं केली तरी. पाठीत धपका नको, कारण काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. मागून खुर्ची ओढणं नको, बधिर पायाला तोल सावरता येत नाही. सुजलेला हात ओढायचा नाही, त्या हाताला साधं खरचटलं तरी जंतू शिरतात; हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि रंगपंचमीला मानेला छिद्र असलेल्या माणसावर पाणी किंवा रंग कधीही टाकू नका. ते सरळ फुप्फुसात जातं. मामा त्या दिवशी गच्चीवरून खालची मजा बघतात, आणि आम्ही दोघं-तिघं त्यांच्याजवळ थांबतो.

९. पोटाला पिशवी आहे. आवाज येईल, वास येईल या भीतीनं कुठं जात नाही. मैत्री कशी होणार?

आमच्यातल्या एका काकांची हीच गत होती. आतड्याच्या ऑपरेशननंतर दीड वर्षं घराबाहेर फक्त दवाखाना. पहिल्यांदा आमच्यात आले तेव्हा पिशवीचा आवाज झालाच. सगळे गप्प. काका म्हणाले, ‘पाव्हणं बोललं. ऐका.’ तेव्हापासून पिशवीचं नाव पाव्हणं. पाव्हणं आज खूश दिसतात, पाव्हण्यांना कोबी सोसत नाही, असं आता आम्हीही बोलतो, कारण नाव काकांनी ठेवलंय (पहिल्या शब्दाचा नियम प्रश्न ५ मध्ये आहे).

व्यवहारातल्या गोष्टी अशा. पिशवी तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की रिकामी करावी, पूर्ण भरायची वाट बघू नये. निघण्याआधी गॅस करणारं खाऊ नये. एक जादा पिशवी आणि ओला कपडा जवळ ठेवावा. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून काकांना कुठंही बोलावताना यजमान आधी स्वतःहून सांगतो, ‘पाणी भरलेलं आहे, बाथरूम खालीच आहे.’ विचारायची वेळ त्यांच्यावर येऊ देत नाही.

१०. अशा मित्रांना जेवायला बोलवायचंय. सोलापुरी जेवण चालेल का?

चालेल, थोडं सांभाळून. कडक भाकरी जबडा आखडलेल्याला चावत नाही, पण चुरून गरम आमटीत दहा मिनिटं ठेवली की मऊ होते आणि चवही राहते. शेंगाची चटणी शेक घेतलेल्या तोंडाला आगीसारखी लागते. दह्यात किंवा लोण्यात कालवून बघा, आणि तरीही नको म्हटलं तर आग्रह नको. सध्या किमो चालू असलेला कुणी असेल तर कच्चं आणि उघड्यावरचं टाळा. हुरड्याला सगळ्यांनाच बोलवा. दादा एक दाणा खात नाहीत, पण शेकोटीपाशी सगळ्यात शेवटी उठणारे तेच असतात.

वेगळं ताट ‘हे खास तुमच्यासाठी’ म्हणत सगळ्यांसमोर आणू नका. गुपचूप वाढा.

११. माझा कॅन्सर तंबाखूमुळे झाला. लोक म्हणतात, ‘स्वतःच ओढवून घेतलं.’ मला हसायचा हक्क आहे का?

आहे. पूर्ण आहे.

तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे खरं, आणि आमच्यातले तिघं ते मान्य करतात. त्यातले एक जण शाळेसमोरच्या टपरीवर पोरांना पुडी घेताना बघितलं की गालावरचा टाका दाखवून बोलतात. पण आजारी माणसाला रोज त्याची चूक ऐकवणं हा उपचार नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात पहिली पुडी कुणी दिली, बारा-बारा तासांची पाळी माणसं कशाच्या जोरावर काढत होती, हे कुणी विचारत नाही. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आमच्यात तंबाखूवरचे विनोद फक्त तंबाखू सोडलेले करतात. मी कधीच केला नाही, करणारही नाही. आणि तुम्ही अजून सोडली नसेल तर आम्ही तुम्हाला बसू देऊ, पण सोडवायच्या मागं लागू. ती थट्टा नसते.

१२. आजार सगळ्यांपासून लपवलाय, मुलीचं लग्न ठरायचंय. तुमच्यात आले तर बाहेर कळेल ना?

ही भीती खोटी नाही. ‘त्यांच्यात आहे’ म्हणून स्थळ परत गेल्याचं मी पाहिलंय. लपवावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडे एवढंच पाळलं जातं की एकाची गोष्ट दुसरा बाहेर सांगत नाही, ‘गंमत’ म्हणूनही नाही. विनोद बाहेर गेला की त्याच्याबरोबर माणूसही जातो. फोटो काढत नाही. लग्नात, नवी पेठेत समोरासमोर आलो तर आधी तुम्ही ओळख दाखवायची, मग आम्ही. सीएमएलची गोळी घेणारे आमचे एक भाऊ आहेत, ऑफिसात कुणालाच माहीत नाही. ते भेटले की मी नुसती मान हलवते.

१३. माझं ऑपरेशन लहान होतं, किमोही नाही. इतरांसमोर माझं दुखणं सांगायची लाज वाटते.

असं बोलून बरेच जण महिनोन्महिने गप्प बसतात. दुखण्याची तोलाई करायची नसते. तुम्हाला झोप येत नसेल तर झोप येत नाही, एवढंच खरं. अक्का याला छान उत्तर देतात: ‘तुझ्या चपलेतला खडा तुलाच टोचणार की.’

१४. मी केलेल्या विनोदानं मैत्रीण दुखावली. आता काय करू?

माझ्याकडून झालंय. नुकतीच किमो सुरू झालेली एक मुलगी डोक्याला ओढणी बांधून आली होती. मी म्हटलं, ‘आता तेलाचा खर्च वाचला बघ.’ आम्ही जुन्या बायका हे एकमेकींना हजारदा बोललोय. ती हसली नाही. ओढणी पुढं ओढून घेतली आणि पाच मिनिटांत निघून गेली. तिचा पहिला शब्द यायच्या आधी मी बोलले होते. स्वतःचाच नियम मोडला होता.

दुसऱ्या दिवशी फोन केला. ‘काल मी चुकले, तुला लागलं, माफ कर.’ एवढंच. ‘माझा हेतू तसा नव्हता,’ हे वाक्य तोंडाशी आलं होतं, ते गिळलं, कारण मग तिला माझी समजूत काढावी लागली असती. ती दोन महिने आली नाही. मग आली. केसांवर ती स्वतः बोलली तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

१५. आमचा एक मित्र सतत हसवतो. त्याचं बरं चाललंय असं समजायचं का?

लगेच समजू नका. तो हसवतो, पण स्वतःबद्दल काही सांगतो का, ते बघा. प्रश्न ५ मधल्या दादांच्या हसण्यातून पुढची गोष्ट बाहेर आली. काहींच्या हसण्यानं ती आत कोंडली जाते. जेवण तुटलंय, झोप उडालीये, तपासण्या चुकवतोय, वस्तू वाटून टाकतोय, ‘आता काय राहिलंय’ असं मधूनच म्हणतोय, तर त्याला गर्दीतून बाजूला घ्या आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं वाटतंय का?’ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन विचार शिरत नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याच्या शेजारी बसून लावून द्या. आणि त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.

उलट बाजूही सांगते. आमच्यात हसतमुख राहायची सक्ती नाही. एखादा महिना कुणी कोपऱ्यात बसून नुसतं पाण्याकडे बघतं. चहा तिथं नेऊन देतो.

१६. मित्राचा कॅन्सर परत आलाय. आता थट्टा बंद करायची का?

बातमी कळल्यावर पहिल्या भेटीत काही करू नका, जाऊन बसा. पुढं तो ठरवेल. आमच्यातल्या एका मैत्रिणीचा सहा वर्षांनी हाडात उलटला. आम्ही गेलो तर सगळ्या पडक्या चेहऱ्यानं रांगेत बसलेल्या. तिनं एकेकीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काय करलालाव गं? अजून हाय मी.’ तेव्हा सुटलो.

एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. तिचा उलटला म्हणजे आपलाही उलटेल, या भीतीनं काही जण अशा वेळी जायचं बंद करतात. भीती वाटणं समजू शकते. आठवडाभर जमलं नाही तर ‘मला भीती वाटते म्हणून आले नाही’ असा निरोप तरी द्या. ती समजून घेईल, तिच्याइतकं ते कुणाला कळणार. नुसतं गायब होऊ नका.

१७. ती गेली. आता तिचे विनोद सांगावेत का? तिच्या घरच्यांसमोर?

तेराव्याला आम्ही सात जण गेलो होतो. पंगत उठली, तिचे यजमान आमच्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, ‘तुमच्यात ती काय बोलायची हो? घरी आली की एकटीच हसत असायची, विचारलं तर सांगायची नाही.’ आम्ही एकमेकींकडे बघितलं. प्रश्न १२ मधला नियम होताच, एकाची गोष्ट दुसऱ्यानं सांगायची नाही. पण विचारणारा तिचा माणूस होता. अक्कांनी ‘अजून हाय मी’ची गोष्ट सांगितली. मग दुसरीनं एक सांगितली. त्यांच्याविषयीची एक होती, तीही सांगितली: ते चहात साखर विसरायचे आणि ती दोन वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायली, कारण त्यांनी पहिल्यांदाच चहा करायला घेतला होता. ते हसले, मग बराच वेळ रडले. स्वयंपाकघरातून तिची जाऊ डोकावून गेली, तिला आमचं काय चाललंय ते कळेना.

तेव्हा विचारलं तर सांगा. विचारलं नाही तर आपापसात सांगा. जी गोष्ट तिनं ‘हे आपल्यातच’ म्हणून सांगितली होती, ती तिच्यानंतरही आपल्यातच.

१८. तिचा नंबर मोबाईलमधून काढावा का?

माझ्या मोबाईलमध्ये असे चार आहेत. तिचा एक आवाजी निरोपही आहे, अकरा सेकंदांचा: गच्चीवर येताना चटई आणा, मागच्या खेपेला सगळ्यांना मुंग्या चावल्या होत्या. चटई आता मीच नेते.